बौद्ध बहुमतातील अल्पसंख्याकांचा नेता : चेल्वनायकम् यांच्या कार्याचा अभ्यास



आमच्या वस्तीतील बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. एका रविवारी मी मुलांना जगातील बौद्ध देशांची नावे सांगत होतो. श्रीलंकेचे नाव घेताच नववीतला एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, श्रीलंका बौद्ध देश आहे ना? मग तिथं इतकी वर्षं युद्ध का चाललं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर जेवण गोड लागले नाही. जो शिक्षक मुलाला खोटे समाधान देतो तो त्याचे नुकसान करतो, असे आम्ही बी.एड.ला शिकलो होतो. म्हणून मी वाचायला बसलो. त्या वाचनातून हा पाठ तयार झाला आहे.

या पाठात आपण एका माणसाची राजकीय कारकीर्द पाहणार आहोत. सॅम्युएल जेम्स वेलुप्पिळ्ळै चेल्वनायकम् हे त्यांचे नाव. श्रीलंकेचे तमिळ लोक त्यांना 'तंदै चेल्वा', म्हणजे बाप चेल्वा, म्हणतात. ते बौद्ध नव्हते, ख्रिस्ती होते. मग बौद्धांच्या पाक्षिकात त्यांचा पाठ कशाला, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. आपण या देशात नेहमी अल्पसंख्य म्हणून विचार करतो. बौद्ध जेथे बहुसंख्य आहेत तेथे अल्पसंख्याकांच्या वाट्याला काय आले, हे पाहिल्याशिवाय आपला अभ्यास पुरा होत नाही.

१. देश आणि माणसे

प्रथम नकाशा समोर ठेवा. भारताच्या दक्षिण टोकाजवळ हे बेट आहे. पूर्वी त्याला सिलोन म्हणत. १९७२ साली त्याचे अधिकृत नाव श्रीलंका झाले. बेटाच्या दक्षिणेत, पश्चिमेत आणि मध्यभागी सिंहली भाषा बोलणारे लोक राहतात. ते बहुतांशी बौद्ध आहेत. उत्तरेला जाफना आणि पूर्वेला त्रिंकोमाली, मट्टक्कळप्पु (बट्टिकलोआ) या भागांत तमिळ बोलणारे लोक शतकानुशतके राहत आले. ते बहुतांशी हिंदू, काही ख्रिस्ती. पूर्वेत तमिळ बोलणारे मुसलमानही बरेच आहेत.

याशिवाय तमिळांचा आणखी एक गट आहे. मध्यभागातील डोंगरांवर चहाचे मळे आहेत. इंग्रज मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात दक्षिण भारतातून मजूर नेले. ते मजूर मोठ्या संख्येने अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. गावचा दुष्काळ आणि गावची जात या दोन्हींतून सुटण्यासाठी ते समुद्रापार गेले आणि मळ्यातील ओळीच्या खोल्यांत कोंडले गेले. १९४६ च्या शिरगणतीत मूळचे तमिळ आणि मळ्यावरचे तमिळ हे दोन्ही गट शेकडा ११ ते १२ असे जवळजवळ सारखेच होते. हा आकडा लक्षात ठेवा.

२. शिक्षक, वकील, खासदार

चेल्वनायकम् यांचा जन्म ३१ मार्च १८९८ रोजी मलायातील इपो या गावी झाला. लहानपणीच ते आईबरोबर जाफन्याजवळच्या तेल्लिप्पळै गावी आले. मिशनच्या शाळांत शिकले. लंडन विद्यापीठाची विज्ञानाची पदवी त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन मिळवली. काही वर्षे शाळेत शिकवले आणि शिकवता शिकवता कायद्याचा अभ्यास केला. पुढे ते कोलंबोत दिवाणी दाव्यांचे नामांकित वकील झाले. बोलणे हळू, प्रकृती किरकोळ, सभा गाजवणारे वक्तृत्व नाही. उतारवयात त्यांना कंपवाताने ग्रासले आणि कानांनीही दगा दिला. अशा माणसाला एका समाजाने तीस वर्षे आपला पुढारी मानले. त्यांचे बहुसंख्य मतदार हिंदू होते हेही विसरू नका.

१९४४ साली जी. जी. पोन्नंबलम् यांनी अखिल सिलोन तमिळ काँग्रेस स्थापन केली. चेल्वनायकम् तिच्यात होते. १९४७ च्या निवडणुकीत ते कांकेसंतुरै मतदारसंघातून निवडून आले. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाला. तेव्हाच्या राज्यघटनेत कलम २९ होते. कोणत्याही एका जमातीवर किंवा धर्मावर इतरांवर नसलेले बंधन लादणारा कायदा संसदेने करू नये, असे त्यात लिहिले होते. कागदावर हे संरक्षण चांगले दिसत होते.

३. पहिली कसोटी : मळ्यावरची माणसे

स्वातंत्र्याला वर्ष होण्याच्या आत नागरिकत्वाचा कायदा आला. जन्म, बाप आणि आजा यांचे पुरावे मागणारा हा कायदा होता. मळ्यावर जन्मलेल्या मजुराकडे बापाच्या जन्माचा दाखला कोठून असणार? बहुसंख्य मळेकामगार एका कायद्याने परके ठरले. १९४९ साली त्यांचा मताचा हक्कही गेला. १९४७ साली मळेकामगारांच्या सिलोन इंडियन काँग्रेसचे सात खासदार निवडून आले होते. १९५२ च्या निवडणुकीत एकही आला नाही.

कायद्यात तमिळ हा शब्द नव्हता. म्हणून कलम २९ चा भंग होत नाही, असे १९५३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही ठरवले. अन्याय करणारा कायदा अन्याय हा शब्द वापरत नसतो. अमुक पुरावा आणा एवढेच तो म्हणतो आणि जो पुरावा गरिबाकडे नसतो तोच नेमका मागतो. माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद कोठेच नाही. एका कचेरीत मला त्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या. त्यामुळे हा मुद्दा मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

पोन्नंबलम् १९४८ साली मंत्री झाले आणि सरकारबरोबर राहिले. चेल्वनायकम् यांनी विरोध केला. मळ्यावरचे मजूर त्यांचे मतदार नव्हते. जाफन्याचे प्रतिष्ठित लोक त्या मजुरांना आपले मानतही नसत. तरीही जे आज त्यांच्या वाट्याला आले ते उद्या आपल्या भाषेच्या वाट्याला येईल, हे त्यांनी ओळखले. १८ डिसेंबर १९४९ रोजी त्यांनी इलंगै तमिळ अरसु कट्चि हा नवा पक्ष काढला. इंग्रजीत त्याला फेडरल पार्टी म्हणत. एकाच देशात राहून तमिळ भागाला संघराज्याच्या पद्धतीने स्वतःचा कारभार मिळावा, ही त्याची मागणी. १९५२ साली पक्षाचे दोनच उमेदवार आले आणि स्वतः चेल्वनायकम् हरले. चार वर्षांनी तोच पक्ष दहा जागांवर निवडून आला. मधल्या काळात काय घडले?

४. सन १९५६

वाचकहो, १९५६ हे साल आपल्याला पाठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचा तो जयंतीचा काळ होता. सिलोनमध्येही तो मोठ्या थाटाने साजरा झाला. पण तेथे त्याच वर्षी दुसरेच काही घडले.

आधी सिंहली माणसाची बाजू ऐकू, कारण एक बाजू ऐकून निकाल देणे धम्माला धरून नाही. इंग्रजांच्या राज्यात सर्व कारभार इंग्रजीत चाले आणि इंग्रजी जाणणारे लोक फार थोडे होते. गावच्या सिंहली शेतकऱ्याला कचेरीतला कागद वाचता येत नव्हता. जाफन्यात मिशनच्या शाळा अधिक होत्या, म्हणून सरकारी नोकऱ्यांत तमिळ त्यांच्या संख्येच्या मानाने पुष्कळ होते. विहारांचा राजाश्रय गेला होता. शिवाय सिंहली भाषा या बेटाबाहेर कोठेच नाही आणि पलीकडच्या किनाऱ्यावर तमिळ बोलणारे कोट्यवधी आहेत. बेटावर बहुसंख्य असूनही सिंहली माणसाच्या मनात अल्पसंख्याकाची भीती होती. ही दुःखे खरी होती.

पण खऱ्या दुःखावर कोणते औषध दिले हे पाहावे लागते. एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांनी 'फक्त सिंहली' ही घोषणा केली. सत्तेवरच्या युनायटेड नॅशनल पक्षानेही निवडणुकीच्या तोंडावर तीच उचलली. दोन्ही पक्ष एकाच मतपेटीसाठी बोली वाढवू लागले. बंडारनायके जिंकले. गंमत अशी की, १९२६ साली याच बंडारनायके यांनी सिलोनला संघराज्य पद्धत हवी असे लेख लिहून मांडले होते. माणसाला जे कळते ते तो मतांसाठी विसरू शकतो.

५ जून १९५६ रोजी भाषेचे विधेयक संसदेत आले. त्या दिवशी चेल्वनायकम् आणि त्यांचे सहकारी संसदेसमोरच्या गॉल फेस मैदानावर शांतपणे सत्याग्रहाला बसले. जमावाने त्यांना मारहाण केली. त्यांनी उलट हात उगारला नाही. पुढे पूर्वेकडील गलओया वसाहतीत दंगल होऊन माणसे मेली. विधेयक मंजूर झाले. डाव्या पक्षाचे कॉल्विन आर. डि'सिल्वा यांनी त्याच सभागृहात इशारा दिला होता की, एक भाषा लादाल तर एका देशाचे दोन देश होतील. हे डि'सिल्वा सिंहली होते.

त्याच १९५६ साली भारताच्या राज्यघटनेत सातवी दुरुस्ती होऊन कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते कलम सांगते. ते सगळीकडे नीट पाळले जात नाही, हे शिक्षक म्हणून मला दिसते. पण ते घटनेत आहे, म्हणून मागता तरी येते.

५. दोन करार

आता कारकिर्दीचा गाभा पाहू. २६ जुलै १९५७ रोजी बंडारनायके आणि चेल्वनायकम् यांच्यात करार झाला. तमिळ ही राष्ट्रीय अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्य व्हावी, उत्तर आणि पूर्व प्रांतांत तिच्यातून कारभार चालावा आणि प्रादेशिक मंडळांना शेती, शिक्षण, जमिनीवरील वसाहती असे विषय मिळावेत, असे ठरले. चेल्वनायकम् यांनी संघराज्याची मागणी बाजूला ठेवून थोडक्यात समेट केला. तमिळांमधील कडव्या लोकांनी त्यांना नावे ठेवली.

पण विरोधी पक्षाने कराराविरुद्ध मोहीम उघडली. ऑक्टोबर १९५७ मध्ये जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोहून कँडीच्या दंतधातू विहाराकडे मोर्चा काढला. हेच जयवर्धने १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत बोलले होते. वैर वैराने मिटत नाही या अर्थाचे बुद्धवचन सांगून त्यांनी जपानकडून युद्धाची भरपाई मागण्याचे नाकारले होते. सारे जग भारावले. दूरच्या जपानला बुद्धवचन लागू झाले. शेजारच्या जाफन्याला मात्र ते लागू झाले नाही.

९ एप्रिल १९५८ रोजी भिक्खूंचा एक जमाव पंतप्रधानांच्या बंगल्यासमोर येऊन बसला. करार मोडल्याचे लेखी द्या, म्हणून ते अडून राहिले. बंडारनायके यांनी तसे लिहून दिले. पुढच्याच महिन्यात दंगली उसळल्या. त्यांत शेकडो माणसे मेली आणि त्यांत बहुसंख्य तमिळ होते. आणीबाणी आली, फेडरल पार्टीवर बंदी आली आणि चेल्वनायकम् यांना स्थानबद्ध केले गेले. ज्यांचा करार मोडला तेच कैदेत गेले. सप्टेंबर १९५९ मध्ये एका चीवरधारी माणसाने बंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. कटामागे केलानियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख भिक्खू होता, हे न्यायालयात सिद्ध झाले. जो हात दुसऱ्याविरुद्ध उठवायला शिकवला जातो तो आपल्या घरातही उठतो.

१९६१ च्या फेब्रुवारीत चेल्वनायकम् यांनी जाफन्याच्या सरकारी कचेरीसमोर सत्याग्रह सुरू केला. कारभार दोन महिने अडला. लोकांनी स्वतःची टपाल तिकिटेही काढली. एप्रिलमध्ये लष्कर आले आणि पुढारी पुन्हा स्थानबद्ध झाले.

दुसरा करार मार्च १९६५ मध्ये डडली सेनानायके यांच्याशी झाला. आता जिल्हा मंडळे द्यायचे ठरले. फेडरल पार्टी सरकारात सामील झाली. या वेळी विरोधाची पाळी बंडारनायके यांच्या पक्षाची होती. मोर्चे निघाले, सरकार घाबरले आणि १९६८ साली जिल्हा मंडळांचे विधेयक सोडून देण्यात आले.

येथे थांबून विचार करा. पहिला करार एका पक्षाने केला आणि दुसऱ्याने मोडायला लावला. दुसरा करार दुसऱ्याने केला आणि पहिल्याने मोडायला लावला. सत्तेवर असताना दोघांनाही समेट हवा होता. सत्तेबाहेर असताना दोघांनाही तो देशद्रोह वाटला. अशा वेळी अल्पसंख्याकाने कोणाला मत द्यावे?

६. बाबासाहेबांच्या विचारांच्या प्रकाशात

बाबासाहेब १९५० साली सिलोनला गेले होते. कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला ते उपस्थित होते. त्या देशातील बौद्ध जीवन त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पण येथे त्यांचा राजकीय विचार आपल्या अधिक उपयोगाचा आहे.

बाबासाहेबांनी दोन प्रकारच्या बहुमतांत फरक केला. राजकीय बहुमत मतांवर ठरते. ते आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या बाजूला जाते. जातीय बहुमत जन्मावर ठरते. त्यात बाहेरच्याला प्रवेश नसतो आणि त्यातून कोणी बाहेरही पडत नाही. जातीय बहुमत निवडणुकीच्या मार्गाने आले तरी ते लोकशाहीचे बहुमत होत नाही. सिलोनमध्ये सरकारे बदलत होती, मतदान नियमित होत होते. तरीही तमिळ माणूस प्रत्येक निवडणुकीनंतर हरलेलाच होता. तो त्याच्या मताने नव्हे, जन्माने हरत होता.

दुसरे, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले की, अल्पसंख्याक ही स्फोटक शक्ती असते. ती फुटली तर राज्याची सारी वीण उडवू शकते. म्हणून अल्पसंख्याकांच्या संरक्षणाला त्यांनी देशाच्या एकतेचा पाया मानले.

तिसरे, पुणे करार आठवा. १९३२ च्या त्या कराराविषयी बाबासाहेबांचे समाधान नव्हते. तरी त्यातील राखीव जागा १९३५ च्या कायद्यात उतरल्या, म्हणून मोर्च्याने फाडता आल्या नाहीत. चेल्वनायकम् यांचे दोन्ही करार पुढाऱ्यांच्या सह्यांवरच राहिले. पुढाऱ्याची सही पुढाऱ्याच्या धैर्याएवढीच टिकते. हा भेद अभ्यासवर्गातील प्रत्येकाने पाठ करावा.

७. या कारकिर्दीतील उणिवा

आपण कोणाची आरती ओवाळत नाही. म्हणून उणिवाही पाहू.

जाफन्याच्या तमिळ समाजात वेल्लाळ जात वरचढ होती आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना मंदिर, विहीर, चहाचे दुकान बंद होते. १९५७ साली याविरुद्ध कायदा झाला. १९६८ साली कांकेसंतुरैजवळच्या माविट्टपुरम् येथील मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून दलित तमिळांनी सत्याग्रह केला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्याला आठवतो. तसाच हाही. माजी मंत्री सी. सुंदरलिंगम् त्यांना अडवायला दारात उभे राहिले. सिंहली वर्चस्वाविरुद्ध बोलणारा माणूस आपल्या मंदिराच्या दारात वर्चस्वाचा पहारेकरी झाला. दलितांच्या पाठीशी डावे पक्ष उभे राहिले. चेल्वनायकम् यांच्या पक्षाने त्या लढ्याचे नेतृत्व घेतले नाही. समान हक्क मागणाऱ्याने आधी आपल्या अंगणात ते दिले पाहिजेत, ही कसोटी त्यांचा पक्ष पुरती उतरला नाही.

मळेकामगारांसाठी चेल्वनायकम् पहिल्या दिवशी उभे राहिले खरे. पण १९६४ साली दिल्ली आणि कोलंबो यांच्यात करार होऊन सव्वापाच लाख माणसे भारताकडे आणि तीन लाख सिलोनकडे अशी वाटणी झाली. वाटणी ज्यांची झाली त्यांना कोणी विचारले नाही.

८. शेवटचा टप्पा

१९७२ च्या मे महिन्यात नवी राज्यघटना आली. सिंहली ही राज्यभाषा घटनेत गेली, बौद्ध धर्माला अग्रस्थान देऊन त्याचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरले आणि जुने कलम २९ गेले. ही घटना तयार करणारे मंत्री कोण? तेच कॉल्विन डि'सिल्वा, ज्यांनी १९५६ साली इशारा दिला होता.

चेल्वनायकम् यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये जागेचा राजीनामा दिला. पोटनिवडणूक घ्या, माझ्या लोकांना ही घटना मान्य आहे का ते मतपेटीतून कळू द्या, असे आव्हान त्यांनी दिले. सरकारने ती पोटनिवडणूक दोन वर्षांहून अधिक काळ घेतली नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये ती झाली आणि ते मोठ्या मताधिक्याने जिंकले. १४ मे १९७६ रोजी वड्डुकोड्डै येथे त्यांच्या अध्यक्षतेखालील आघाडीने स्वतंत्र तमिळ ईळम् राज्याचा ठराव केला. एकत्र राहण्यासाठी पंचवीस वर्षे झटलेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कापत्या हातांचा हा म्हातारा वेगळे होण्याच्या ठरावापर्यंत आला. २६ एप्रिल १९७७ रोजी ते वारले.

पुढचे आपण जाणतो. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. जुलै १९८३ मध्ये तमिळांची कत्तल झाली. ज्या तरुणांनी बापाला सत्याग्रहात मार खाताना पाहिले होते त्यांनी बंदूक उचलली. त्या बंदुकीने आपल्या लोकांनाही सोडले नाही. चेल्वनायकम् यांचे वारस अमिर्तलिंगम् यांना १९८९ साली तमिळ वाघांनीच मारले. १९९० साली त्याच वाघांनी उत्तरेतील मुसलमानांना घरांतून हाकलून दिले. अल्पसंख्याकाच्या हाती बंदूक येताच त्यानेही आपल्यापेक्षा लहान अल्पसंख्याक शोधून काढला. मे २००९ मध्ये युद्ध संपले, तोवर लाखभर माणसे गेली होती. तमिळला राज्यभाषेचा दर्जा आणि प्रांतांना मंडळे देणारी घटनादुरुस्ती १९८७ साली, जयवर्धने राष्ट्राध्यक्ष असताना, झाली. १९५७ च्या करारात जे मागितले होते त्याच दिशेचे ते पाऊल होते. तीस वर्षे आधी ते शांतपणे देता आले असते.

९. आपण काय शिकायचे?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातील दोन भिक्खूंनी बुद्धांना विनंती केली की, लोक आपापल्या बोलीत आपले वचन बिघडवतात, तेव्हा ते छांदस भाषेत बांधून टाकू. बुद्धांनी त्यांना दोष दिला आणि आपल्या भाषेत वचन शिकण्याची अनुज्ञा दिली. अनेक अभ्यासक याचा अर्थ 'ज्याच्या त्याच्या भाषेत' असा घेतात. ज्या शास्त्याने आपले वचनसुद्धा एका भाषेच्या दावणीला बांधले नाही त्याच्या नावाने एक भाषा लादणे हा धम्म कसा होईल?

तमिळ हे धम्माचे वैरी होते, हेही खरे नाही. मणिमेखलै हे तमिळ महाकाव्य बौद्ध आहे. चेल्वनायकम् जन्मले त्याच १८९८ साली मद्रासकडचे अस्पृश्य समाजातील पंडित अयोद्धी दास सिलोनला जाऊन बौद्ध झाले आणि परत येऊन त्यांनी शाक्य बौद्ध संघ काढला. ते तमिळच होते.

बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो समता, स्वातंत्र्य आणि बंधुत्व यांच्यासाठी. ही तीन तत्त्वे जेथे नाहीत तेथे विहार कितीही उंच असला तरी तो नुसती इमारत आहे. आपण गावात शेकडा पाच असतो तेव्हा समतेची भाषा सोपी असते. एखाद्या वस्तीत, शाळेच्या समितीत, कर्मचारी संघटनेत आपण शेकडा साठ होतो, तेव्हा उरलेल्या चाळीसांशी कसे वागतो, तेथे आपली परीक्षा आहे. आमच्याच विहाराच्या कमिटीत दुसऱ्या जातीतून धम्मात आलेल्या एका कुटुंबाला वर्षभर कोणी बोलायला उभे केले नव्हते. हा पाठ लिहिताना मला त्याची लाज वाटली. पुढल्या बैठकीत मी तो विषय मांडला आहे.

त्या रविवारच्या मुलाला मी आता उत्तर दिले आहे. मी म्हणालो, "बाळा, देश बौद्ध नसतो, माणूस बौद्ध असतो. तोही रोज व्हावा लागतो." तो म्हणाला, "मग तिथल्या बौद्धांनी त्या तमिळ म्हाताऱ्याचं ऐकायला हवं होतं." मी होय म्हणालो.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न :

(१) राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांतील फरक आपल्या गावच्या उदाहरणाने सांगा.
(२) पुणे करार आणि १९५७ चा बंडारनायके–चेल्वनायकम् करार यांत टिकाऊपणाच्या दृष्टीने काय भेद होता?
(३) नागरिकत्वाचा पुरावा मागणारा कायदा मळेकामगारांनाच का बाधला?
(४) माविट्टपुरम् आणि काळाराम या दोन सत्याग्रहांची तुलना करा.
(५) आपण जेथे बहुसंख्य आहोत अशी एक जागा शोधा. तेथील अल्पसंख्य कोण? त्यांना काय वाटते ते विचारून या आणि वर्गात सांगा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. त्यासाठी उठून जावे लागेल.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.